नर्तकीचे चरित्र कोणी सांगायचे?

पुण्याहून सोलापूरकडे जाताना टेंभुर्णी मागे पडले की माढा तालुक्यातले मोडनिंब लागते. कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी रेल्वेही याच गावावरून जाते. एकेकाळी ती बार्शी लाइटची अरुंद गाडी होती. एका अंगाने वारकऱ्यांची वाट आणि दुसऱ्या अंगाने मालमोटारींचा रस्ता अशा जागी वसलेले हे गाव. महाराष्ट्रात संगीत बारीच्या कला केंद्रांसाठी जी थोडी गावे ओळखली जातात त्यांत मोडनिंबाचे नाव घेतले जाते.

काही वर्षांपूर्वी आम्ही पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांना घेऊन येथे गेलो होतो. अभ्यासदौरा म्हणजे प्रश्नावली आलीच. पायांत चाळ कितव्या वर्षी बांधले, लग्न झाले की नाही, मुले किती, ती शिकतात का, कर्ज आहे का, आजारपणात कोण पाहते, असे सुमारे तीस प्रश्न आम्हीच वर्गात बसून तयार करवून घेतले होते. साठी ओलांडलेल्या, नाच थांबवून आता मुलींना शिकवणाऱ्या एका बाईंनी त्या साऱ्यांची उत्तरे न कंटाळता दिली. वह्या मिटल्या तेव्हा त्यांनीच एक प्रश्न केला. काल रात्री तुम्ही सगळे पुढे बसून गाणे ऐकत होता, त्या गाण्याविषयी कोणालाच काही विचारायचे नाही का? आदल्या रात्रीच्या त्या लावणीचे धृपद एकाही विद्यार्थ्याला सांगता आले नाही. आम्हालाही आले नाही. आम्ही मराठी साहित्य शिकवतो.

तो प्रश्न मनातून गेलेला नाही. प्रस्तुत लेख त्याचे उत्तर देण्याचा, निदान आपली चूक नीट ओळखण्याचा प्रयत्न आहे.

याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात १९३५ साली विठाबाई नारायणगावकर जन्मल्या. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा भाऊ-बापू मांग नारायणगावकर हा नावाजलेला फड. विठाबाई त्या फडातच वाढल्या आणि पुढे स्वतःच्या नावाने फड चालवू लागल्या. १९५७ आणि १९९० असे दोनदा त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आले. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. अखेरच्या आजारपणाचा खर्च चाहत्यांच्या आणि दात्यांच्या मदतीतून भागवावा लागला. त्यांच्या नावाने आता राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते.

इतके वाचल्यावर वाचकाच्या मनात दुसरीच एक हकिगत जागी झाली असेल. दिवस भरलेले असताना विठाबाई नाचत होत्या, कळा सुरू झाल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचून तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या, ही ती हकिगत. वर्तमानपत्री लेख, गौरवसमारंभातील भाषणे, परीक्षेच्या उत्तरपत्रिका, सर्वत्र तिची आवृत्ती निघते. ती खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की ही एक गोष्ट सांगून झाली की विठाबाई सांगून झाल्या असे आपण मानतो. त्या रात्री त्या जे अर्धवट टाकून आत गेल्या आणि जे पुरे करण्यासाठी परत आल्या, ते काय होते? ती कोणती लावणी होती? त्यांचा आवाज कसा होता, लयीशी त्या कशा खेळत, वगात एखादी भूमिका उभी करताना संवाद कसा फेकीत? या प्रश्नांशी आपल्याकडचे बोलणे अडते. योगीराज बागूल यांनी त्यांचे सविस्तर चरित्र लिहिले, हे त्यांचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते की विठाबाईंच्या कलेची समीक्षा अजून व्हायचीच आहे. सोसण्याच्या कथेने तिची जागा घेतली आहे.

आणि ती कला एकच नव्हती, ही गोष्ट तर आपण विसरूनच गेलो आहोत. ढोलकी फडाचा तमाशा म्हणजे काय, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला पाठ असते: गण, गौळण, बतावणी, रंगबाजी, वग. क्रम पाठ असतो. पण त्या क्रमातून एक बाई जाते तेव्हा तिला काय काय करावे लागते, याचा विचार वर्गात होत नाही. गौळणीत ती राधा वा गवळण. तेथे मावशी आणि पेंद्या यांच्या फार्सात तिला लडिवाळपणा आणि लाज दोन्ही सांभाळायचे असतात. बतावणीत सोंगाड्या वाटेल तिथून शब्द फेकतो आणि तो तिला हजरजबाबीपणाने परतवायचा असतो. रंगबाजीत तीच बाई ढोलकीवाल्याशी पायांनी बोलते आणि गळ्याने लावणी म्हणते. नाचताना श्वास लागला म्हणून सूर ढळता कामा नये. आणि उत्तररात्री वग सुरू झाला की ती राणी होते, पतिव्रता होते, कधी सूड घेणारी बहीण होते. जुन्या वगाला पुष्कळदा कथेचा सांगाडाच तेवढा असे. संवाद नटांनी जागच्या जागी रचायचे. म्हणजे नृत्य, गायन, अभिनय आणि संवादरचना या चार कलांचा व्यवहार एका रात्रीत एकाच व्यक्तीने करायचा. त्यावर फडमालकीण असल्यास सुपारी घेणे, पगार देणे, गावोगाव तंबू हलवणे हेही तिचेच काम.

पाश्चात्त्य देशांत एखाद्या बॅलेरिनेने नृत्याबरोबर चित्रे काढली, नाटकात काम केले वा पुस्तक लिहिले तर तिच्या चरित्रकाराला त्या बहुविधतेचे अप्रूप वाटते आणि वाटावेही. तेथे कलांच्या भिंती उंच आहेत. बॅलेतली नर्तकी रंगमंचावर बोलत नाही, गात नाही. म्हणून तिने भिंत ओलांडली की ती घटना ठरते. आपल्याकडे तमाशातल्या बाईच्या वाटेत ती भिंतच नव्हती. त्यामुळे तिची बहुविधता घटना ठरली नाही. ती तिच्या पोटापाण्याचा भाग मानली गेली.

संगीत बारीची गोष्ट थोडी निराळी, आणि आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. येथे वग नाही, सोंगाड्या नाही. पेटी, तबला, ढोलकी आणि बायकांची एक पार्टी. थिएटरात पार्ट्यांनी आळीपाळीने आपापली बारी सादर करायची आणि जाणत्या रसिकांनी खोलीत स्वतंत्र बैठक मागायची. बैठकीत नाच जवळजवळ थांबतो. बाई बसून गाते आणि चेहरा, मान, बोटे, पदराचा काठ एवढ्यावर अदाकारी चालते. लावणीची एकच ओळ ती दहा वेळा म्हणते आणि दहाही वेळा तिचा अर्थ बदलते. समजा, सखा उशिरा आला अशी साधी तक्रार त्या ओळीत आहे. पहिल्यांदा तो राग असतो. दुसऱ्यांदा रागाचे सोंग. तिसऱ्यांदा तो येईल की नाही या भीतीची कबुली. चौथ्यांदा ती ओळ सख्याला सोडून समोर बसलेल्या एखाद्या गृहस्थाकडे वळते आणि तो गृहस्थ खाली पाहू लागतो.

वाङ्मयाच्या भाषेत याला काय म्हणावे? आम्ही याला वाचन म्हणू. शब्दांच्या एका बंदिस्त ओळीत किती अर्थ दडले आहेत हे काढून दाखवणे हेच समीक्षकाचे काम असेल, तर बैठकीची लावणी म्हणणारी बाई ही मराठी कवितेची एक श्रेष्ठ समीक्षक आहे. तिने फक्त निबंध लिहिला नाही.

या कलेचे शिखर म्हणून यमुनाबाई वाईकरांकडे पाहावे लागते. १९१५ साली सातारा जिल्ह्यात, कोल्हाटी समाजात त्यांचा जन्म. लहानपणी आईवडिलांबरोबर गावोगाव डोंबाऱ्याचे खेळ केले, म्हणजे देहाचा तोल आणि प्रेक्षकांची नजर यांचे पहिले शिक्षण दोरीवर आणि बांबूवर झाले. लावणीचे पहिले धडे आईने दिले. मग पार्टीत उमेदवारी, मग बहिणींसह स्वतःची पार्टी, मुंबईची थिएटरे, आणि त्या सगळ्याबरोबर रागसंगीताची तालीम. छक्कड, बालेघाटी, चौकाची लावणी असे निरनिराळे प्रकार त्यांच्या गळ्यात होते. पंडित बिरजू महाराजांसमवेत त्यांनी जुगलबंदी केली तेव्हा कथकातला भावबताव आणि लावणीतली अदा ही दोन भावंडे समोरासमोर बसली होती. १९७७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१२ साली पद्मश्री, आणि १५ मे २०१८ रोजी वाई येथे, वयाच्या एकशे तिसऱ्या वर्षी अखेर.

यमुनाबाईंचे नाव सर्वत्र झाले. त्यामागे अशोक दा. रानडे यांच्यासारख्या संगीतविचारकांनी बैठकीच्या लावणीकडे गांभीर्याने पाहिले हेही एक कारण आहे. लक्षात घ्यावे, हे काम संगीताच्या अभ्यासकांनी केले. साहित्याच्या अभ्यासकांनी लावणी वाचली, ऐकली नाही. मोडनिंबाहून पंढरपूर फार लांब नाही. तेथे ज्ञानोबा उत्पात लावण्या रचीत आणि सत्यभामाबाई पंढरपूरकर त्या गात. विठ्ठलाच्या गावी एका पुजारी घराण्यातला कवी आणि संगीत बारीतली गायिका यांचे हे सहकार्य म्हणजे मराठी वाङ्मयव्यवहारातला एक विलक्षण अध्याय आहे, परंतु वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांत तो शोधावा लागतो.

याचे कारण आपल्या अभ्यासाच्या पद्धतीत आहे. 'शाहिरी वाङ्मय' या प्रकरणात आपण राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर, परशराम, सगनभाऊ शिकवतो. राम जोशी तर सोलापूरचाच. प्रत्येकाची नाममुद्रा कवनाच्या शेवटी असते, त्यामुळे कर्तृत्वाचा वाद उद्भवत नाही. गाणारीची नाममुद्रा कवनात नसते. राम जोशीबरोबर बयाबाईचे नाव परंपरा सांगते. पण पाठ्यपुस्तकात राम जोशी राहिला आणि बया गेली १९४७ सालच्या चित्रपटात. पठ्ठे बापूरावांची कवने संग्रहरूपाने छापली गेली. ती ज्यांच्या गळ्यातून आणि पावलांतून लोकांपर्यंत पोचली त्या पवळाबाई हिवरगावकरांविषयी विचारले की आपण बापूरावांनी त्यांच्यासाठी घरदार कसे सोडले ते सांगू लागतो. पुन्हा हकिगतच.

त्या चित्रपटात बयेची भूमिका हंसा वाडकर यांनी केली होती. तमाशातली बाई पडद्यावर त्यांनी इतकी जिवंत केली की पुढे त्यांच्या 'सांगत्ये ऐका' या चित्रपटाचे नावच त्यांच्या आत्मकथनाला मिळाले. अरुण साधू यांनी शब्दबद्ध केलेले ते आत्मकथन मराठीतल्या निर्भीड पुस्तकांपैकी एक आहे. ते मिळाले हे आपले भाग्य. पण त्यातली विसंगतीही पाहावी. तमाशातल्या बाईची भूमिका करणारीला आत्मकथन लाभले. जिची ती भूमिका होती तिला मात्र प्रश्नावली मिळाली.

आता दुसऱ्या टोकाकडे पाहू. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती स्थापन केली आणि २००८ साली त्या गेल्या तोवर सहा दशके कथक नाचले, शिकवले. त्यांनी बंदिशी बांधल्या, 'माझी नृत्यसाधना' लिहिले आणि इझाडोरा डंकनचे आत्मचरित्र मराठीत आणले. बॅलेचे टोकदार बूट फेकून अनवाणी नाचणारी ही अमेरिकन बाई मराठी वाचकाला भेटली ती एका मराठी नर्तकीच्या भाषेत. या पुस्तकांमुळे देहाच्या हालचालीविषयी विचार करण्याची एक शब्दावली मराठीत आली. नर्तकी विचार करते, तिच्या पावलामागे सिद्धांत असतो, ती आपल्या कलेविषयी प्रथम पुरुषी एकवचनात बोलू शकते, हे आपण तेथे विनातक्रार मान्य केले. त्या मान्यतेत काही वावगे नाही. ती मोडनिंबपर्यंत का पोचली नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे.

उत्तर भाषेतच सापडते. 'नर्तिका' हा शब्द आपण सभागृहातल्या बाईसाठी राखून ठेवला. फडातलीला 'नाचणारी' म्हटले. 'कलावंत' या शब्दाला स्त्रीलिंगी प्रत्यय लावला की जो शब्द होतो तो उच्चारताना आजही आवाज खाली येतो. 'कलावंतीण' म्हणजे केवळ कला जाणणारी स्त्री, हे व्याकरणाला ठाऊक आहे, समाजाला नाही. गोव्यातील अशाच घराण्यांना गोमंतक मराठा समाज हे नवे नाव घेऊन त्या शब्दाबाहेर पडावे लागले, तेव्हा कोठे मोगूबाई कुर्डीकरांसारख्या गायिकांचे गाणे केवळ गाणे म्हणून ऐकले गेले. शब्द असा राज्य करतो. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई राज्याने तमाशावर बंदी आणली आणि पुढे 'सुधारणे'च्या अटीवर ती उठवली, तेव्हाही तपासणी झाली ती अश्लीलतेची.

येथे एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली आले. काळे याच सोलापूर जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या नेरल्याचे. नाचणाऱ्या आईचा मुलगा, बापाच्या नावाऐवजी आईचे नाव लावणारा, पुढे डॉक्टर झालेला. बहिणीच्या चाळांवर भाऊ आणि बाप बसून खातात, मुलीच्या वयात येण्याचा सौदा होतो, आई पोटच्या मुलापासून तुटते, हे सारे त्या पुस्तकात आहे आणि ते वाचल्यावर लावणीच्या अदाकारीविषयी रसभरीत बोलणाऱ्याची जीभ अडखळली पाहिजे. आक्षेप असा: कलेचा गौरव करताना आपण या व्यवस्थेवर शालू पांघरीत नाही काय? दौलतजादा करणारा रसिकही 'वा' म्हणतच होता.

आक्षेप खरा आहे. आम्ही त्याचे खंडन करू इच्छीत नाही. फक्त तो अर्ध्यावर थांबतो असे आम्हाला वाटते. या बायांची लूट झाली हे म्हणताना काय लुटले गेले हेही सांगावे लागते. केवळ देह लुटला गेला असे आपण मानले, तर त्यांच्याकडे देहाखेरीज काही नव्हते हे लुटणाऱ्याचेच मत आपण मान्य केले असे होते. लुटली गेली ती वर्षानुवर्षे कमावलेली विद्या. घरोघरी जिची तालीम पहाटे होत असे, जिच्यासाठी मार खाल्ला, जिची मिळकत दुसऱ्याच्या हाती गेली आणि श्रेय तिसऱ्याच्या नाममुद्रेत गेले, ती. विद्येची किंमत कळल्याखेरीज अन्यायाचे मोजमाप होत नाही. म्हणून 'कोल्हाट्याचं पोर' शिकवणे आणि यमुनाबाईंची लावणी ऐकवणे ही दोन कामे एकमेकांविरुद्ध नाहीत. पहिले पुस्तक मुलाच्या बाजूने सांगितलेले आहे, आणि तो त्याचा हक्क आहे. आईची बाजू, तीही आई म्हणून नव्हे तर कलावंत म्हणून, अजून यायची आहे.

मग करावे काय? मोठ्या योजना सुचवण्याचा आमचा अधिकार नाही. शिक्षक म्हणून जमेल तेवढेच सांगतो. लावणी शिकवताना ती वर्गात ऐकवावी, आणि एका ओळीची अदा बदलली की अर्थ कसा बदलतो यावर परीक्षेत एक प्रश्न असावा. संहितेशेजारी गाणारीचे नाव लिहावे. प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला सोलापूर विद्यापीठापासून मोडनिंब हा काही परदेश नाही. त्याने जावे, पण प्रश्नावली बदलून जावे. ही चाल कोणाकडून घेतली? हा शब्द येथे का लांबवता? ढोलकीवाला बदलला तर तुमचे पाऊल बदलते का? तरुणपणी ही ओळ कशी म्हणत होता आणि आता कशी म्हणता? अशा प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या बाया आज वयस्क आहेत. त्यांच्याबरोबर जे जाईल ते कोणत्याही हस्तलिखित संग्रहात सापडणार नाही.

त्या दिवशी मोडनिंबात आम्ही लाजून, उशिरा, तो एक प्रश्न विचारला. बाईंनी हसून पेटी जवळ ओढायला सांगितले. कालच्या लावणीचे धृपद त्यांनी बसूनच पाच-सहा प्रकारे म्हणून दाखवले आणि प्रत्येक वेळी थांबून, येथे ती खोटे बोलते, येथे तिला ठाऊक आहे की त्याला कळले आहे, असा अर्थ सांगितला. तास-दीड तास गेला. विद्यार्थ्यांच्या वह्या पुन्हा उघडल्या होत्या. परतीच्या गाडीत एका विद्यार्थिनीने विचारले की या व्याख्यानाचा उल्लेख प्रबंधात कोणत्या सदराखाली करायचा, मुलाखत की समीक्षा. आम्ही समीक्षा लिही असे सांगितले.